विममध्ये जीझेड फाइल सरळ उघडते, आणि मी इतकी वर्षं काय करत होतो!

खरं सांगू, विम हा टेक्स्ट एडिटर सात-आठ वर्षं वापरतोय आणि हे मला गेल्या महिन्यात कळलं. क्लायंटचा डेटाबेस डंप होता, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची एका फाइलीत काढलेली प्रत, एसक्यूएल डॉट जीझेड, जीझेड म्हणजे जीझिपने दाबून लहान केलेली, त्यात एकाच ओळीत साइटचा पत्ता बदलायचा होता. माझी जुनी पद्धत म्हणजे गनझिप मारून फाइल उलगडा, उघडा, बदला, परत जीझिप करा, मग फोल्डरमध्ये एक जुनी एक नवी अशा दोन फाइली. एकदा मी जुनीच सर्व्हरवर चढवली होती, रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना फोन आला, अर्धा दोना तसाच टाकून रामबागेत घरी पळालो.

या वेळी चुकून फाइल सरळ विमलाच दिली, वाटलं कचरा दिसेल. तर चक्क डेटाबेसच्या इन्सर्ट इंटो कमांडच्या वाचता येणाऱ्या ओळी! बदललं, कोलन डब्ल्यूक्यू मारून सेव्ह करून बाहेर, झालं काम, फाइल परत जीझेडच.

जादूबिदू काही नाही, विमसोबतच येणारं प्लगइन गुपचूप जीझिप चालवतं, फाइल टेम्पमध्ये उलगडतं आणि सेव्ह केली की परत दाबून ठेवतं. बीझिप 2, एक्सझेड हे दाबायचे दुसरे प्रकार पण चालतात, फक्त ते प्रोग्राम मशीनवर हवेत. पण एक अक्षर बदललं तरी अख्खी फाइल नव्याने कॉम्प्रेस होते, मधलाच तुकडा बदलायची सोय जीझेडमध्ये नाहीच. 40 एमबीचा डंप उलगडून 600 च्या वर गेला तेव्हा लॅपटॉपचा पंखा असा सुटला की आई आतून विचारते, काय रे, मिक्सर लावलास का? नुसतं बघायचं तर झेडलेस कमांड, शोधायचं तर झेडग्रेप, त्यासाठी विम कशाला.

झिपचं अजून भारी, आतल्या फाइलींची यादीच येते, नावावर कर्सर नेऊन एंटर मारा, बदला, सेव्ह केलं की झिपमध्येच जातं. आता डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइलही पोटातून झिपच, म्हणून मोठ्या हौसेने मावशीच्या मंडळाची गणपतीची पत्रिका उघडली, साल चुकलेलं. मजकूर असतो त्या आतल्या डॉक्युमेंट डॉट एक्सएमएलमध्ये 2024 शोधतोय शोधतोय, सापडेचना, कारण 20 एका टॅगमध्ये आणि 24 दुसऱ्यात! त्यात सगळा मजकूर जेमतेम दोन ओळींत, एकेक ओळ इथून देवासपर्यंत. शेवटी गपचूप डबल क्लिक करून नेहमीसारखी उघडली.

लॉग, कॉन्फिग, छोटे डंप यांना पाचपैकी पाच. मोठ्या फाइलींना तीन, तेही डिस्कवर जागा असेल आणि आधी कॉपी काढली असेल तर. डॉकएक्सला एक, तो मावशीने चहा पाजला म्हणून.