सही विकणारा इंजिनियर

गोव्यात घर बांधायचं तर पंचायतीच्या फाइलमध्ये एक कागद लागतोच : स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट. या बांधकामाचा सांगाडा सुरक्षित आहे, त्याची जबाबदारी माझी, असं एक नोंदणीकृत इंजिनियर त्यावर लिहून देतो. सहीखाली नगर नियोजन खात्याकडचा त्याचा नोंदणी क्रमांक असतो. पेडणे तालुक्यात आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा हा कागद आम्हालाही मिळाला. सही खरी, शिक्का खरा, क्रमांकही खरा. पण सही करणाऱ्याने आमची जागा कधी पाहिलीच नव्हती आणि सांगाड्याच्या ज्या हिशेबावर सही होती, तो हिशेब आमच्या घराचा नव्हता. असे कागद आजही विकले जात आहेत आणि त्यांच्या भरवशावर लोक स्लॅब घालत आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आमची गाठ पडली ती प्लॅन काढून देणाऱ्या एका माणसाशी. जमीन बांधकामासाठी वापरायची सनद, नगर नियोजनची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा दाखला, पंचायतीचा परवाना, सगळं तो एकाच रकमेत करून देणार होता. "स्ट्रक्चरल इंजिनियरही माझाच, पायाला आणि प्रत्येक स्लॅबला तो स्वतः हजर राहील," असं त्याने माझ्या सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं. देखरेखीचे पैसे वेगळे धरले होते आणि ते त्याने आधीच घेतले. पाया भरताना डोक्यावर हेल्मेट घातलेला एक तरुण आला. फोटो काढले, टेप लावून काहीतरी मोजलं, चहा घेतला आणि गेला. कंत्राटदार त्याला "साहेब" म्हणत होता. आम्ही इंजिनियर कोण म्हणून विचारलं तेव्हा त्याच्याकडेच बोट दाखवलं गेलं. तो त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढणारा मुलगा होता, हे फार पुढे कळलं.

पहिल्या मजल्याला पुढे गॅलरी होती. स्लॅबखालचे टेकू काढले आणि थोड्याच दिवसांत गॅलरीच्या वरच्या अंगाला, भिंतीला लागून, सरळ रेषेत चीर पडली. पाऊस आला तसं त्यातून पाणी झिरपू लागलं. "प्लास्टरमध्ये जाईल ती," कंत्राटदार म्हणाला. प्लॅनवाल्याचंही उत्तर तेच. माझ्या सासऱ्यांचे एक जुने स्नेही सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी चीर पाहिली, खाली जाऊन गॅलरीच्या पुढच्या कडेला दोरी धरली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "बाय, आधी टेकू परत लावून घे, आणि हिच्यावर कुणाला पाऊल टाकू देऊ नको."

मग त्यांनी आम्हाला जे समजावलं ते प्रत्येक घरमालकाला माहीत हवं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण सोसायला लोखंड असतं. दोन भिंतींवर टेकलेला साधा स्लॅब मध्ये खाली वाकू पाहतो, म्हणून ताण खालच्या अंगाला येतो आणि मुख्य सळ्याही तिथेच लागतात. गॅलरीचं उलट असतं. तिला एकाच बाजूचा आधार. ती पुढे झुकू पाहते आणि ताण वरच्या अंगाला येतो. मुख्य सळ्या वरच हव्यात आणि त्या आत, खोलीच्या स्लॅबमध्ये पुरेशा लांब गेलेल्या हव्यात. आमच्याकडे यंत्र लावून तपासलं तर सळ्या खाली होत्या. स्लॅब घालण्याआधी जाणत्या माणसाने पाच मिनिटं जाळीकडे पाहिलं असतं तरी हे थांबलं असतं. त्यासाठीच आम्ही पैसे मोजले होते.

त्यांनी नकाशे मागितले. स्ट्रक्चरच्या नकाशात गॅलरीच नव्हती! कोपऱ्यातल्या चौकटीत नाव आमचं, गाव आमचं, पण एका पानावर दुसराच सर्व्हे नंबर राहून गेला होता. त्या पानावर गावही दुसरंच होतं, सत्तरी तालुक्यातलं. समुद्रापासून लांबच्या त्या घराचा नकाशा नाव बदलून आमच्या गळ्यात मारला होता. आमच्या जागेवरून लाटांचा आवाज ऐकू येतो. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात समुद्रकाठच्या हवेला उघड्या असलेल्या सळईच्या काँक्रीटला किमान एम ३० दर्जा (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे. आमच्या नकाशावर होतं एम २० आणि २० मिलिमीटर. म्हणजे गॅलरी वाचली असती तरी खारट हवेने काही वर्षांत आतलं लोखंड गंजवलं असतं.

माहिती अधिकारात पंचायतीच्या फाइलची प्रत मागवली. सर्टिफिकेटसोबत त्या इंजिनियरचं पत्र होतं : काम माझ्या देखरेखीखाली होईल. फोन केला. माझ्या यजमानांना ते शांतपणे म्हणाले, "मी फक्त सही देतो. साइट तुमचा प्लॅनवाला बघतो." फसवलं गेल्याची चीड त्या दिवशी पहिल्यांदा आली. पैसे गेले त्याचं दुःख वेगळं. पण शिकलेला, नोंदणी असलेला माणूस, ज्याच्या अक्षरावर माझी मुलं त्या स्लॅबखाली झोपणार होती, तो हे सहज बोलून गेला.

तक्रार करायची कुठे? वकील चुकला तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल आहे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखालची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, जी गैरवर्तनासाठी नाव काढून टाकू शकते. डॉक्टरांसाठी राज्याची मेडिकल कौन्सिल आहे. इंजिनियरांसाठी देशभर लागू होणारं असं वैधानिक मंडळच नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही १९२० ची जुनी, मानाची संस्था. तिची आचारसंहिताही आहे. पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक. आमचा सहीवाला सदस्य नाही, त्यामुळे त्यांच्या हाती काही नाही. उरतो तो नगर नियोजन खात्याकडचा नोंदणी क्रमांक. त्यावर कारवाई व्हावी म्हणून आम्ही लेखी अर्ज दिला आहे.

काणकोण विसरू नका. ४ जानेवारी २०१४ ला तिथल्या चावडी भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ३१ जीव गेले. इंजिनियरची सही हा नुसता कागदोपत्री सोपस्कार मानला की काय होतं, हे गोव्याने पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तांत्रिक मंजुरीच्या आदेशातच अट असते की सादर केलेली कागदपत्रं वा हिशेब चुकीचे निघाले तर परवानगी कधीही रद्द होऊ शकते. म्हणजे खोटं त्याने लिहायचं आणि घर आमचं अडकायचं. म्हणून परवान्याआधीच सही करणाऱ्या इंजिनियरला स्वतः भेटा, मध्यस्थामार्फत नको. फी थेट त्याच्या खात्यात भरा, पावती घ्या. नकाशाच्या प्रत्येक पानावरचा सर्व्हे नंबर वाचा. स्लॅबच्या आदल्या दिवशी त्याने येऊन जाळी पाहिली, असं तारखेसह लिहून घ्या. ते हातात येईपर्यंत काँक्रीटची गाडी बोलावू नका. जो इंजिनियर यायला कुरकुर करतो, त्याची सही घेऊ नका.

गॅलरी आम्ही पाडली. पोलिसांत तक्रार दिली आणि ग्राहक आयोगातही गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं, त्यामुळे दुरुस्ती करून देतो-देतो म्हणत कुणी वेळ काढत असेल तर थांबू नका. पाडण्याआधी चिरेचे, सळ्यांचे फोटो आणि तपासणीचा अहवाल मात्र हातात ठेवा.

नकाशावर राहून गेलेल्या त्या सर्व्हे नंबरवरून एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद, काढला आणि सत्तरीतल्या त्या घरमालकांना गाठलं. त्यांचं घर बांधून झालं आहे, सही त्याच इंजिनियरची आहे, आणि त्यांनीही त्याला कधी पाहिलेलं नाही. त्यांनी आता वेगळ्या इंजिनियरकडून घराची तपासणी करायला घेतली आहे आणि आपली कागदपत्रं आमच्या वकिलांकडे दिली आहेत.