बाळाच्या हालचाली: तज्ज्ञाची नजर की सेन्सर?

बाळाच्या शारीरिक विकासातील विलंब लवकर ओळखण्यासाठी आज दोन मार्ग पुढे येतात: प्रशिक्षित तज्ज्ञाने चित्रफीत पाहून केलेले परीक्षण आणि घोट्याला किंवा मनगटाला बांधलेले सेन्सर.

पहिली पद्धत बाळांच्या मेंदूविकासाचे अभ्यासक हाइन्झ प्रेख्टल यांच्या संशोधनातून आली. जागे व शांत असलेले बाळ उताणे ठेवून काही मिनिटांचे चित्रण करतात आणि साधारण 3 ते 5 महिन्यांच्या वयात मान, धड व हातापायांत सतत दिसणाऱ्या बारीक, वळणदार हालचाली आहेत का, हे तज्ज्ञ पाहतो. त्या अजिबात नसतील तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होण्याची, शक्यता बरीच वाढते. म्हणूनच 2017 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत या परीक्षणाला मेंदूच्या एमआरआयबरोबर स्थान मिळाले. अडचण एवढीच, की अशी नजर तयार असलेली माणसे थोडी आहेत.

सेन्सर थकत नाही. त्यातील प्रवेगमापक, म्हणजे वेगातील बदल टिपणारा भाग, दिवसभर नोंद ठेवतो, त्यामुळे डावा पाय उजव्यापेक्षा कमी हलतो का, हे आकड्यांत कळते. मात्र बाळाला कडेवर घेऊन फिरवले, पाळण्यात झोका दिला, तरी यंत्राला ती हालचालच वाटते, आणि हा गोंधळ निस्तरणे सोपे नाही. शिवाय किती हालचाल झाली हे मोजणे आणि ती कशी झाली हे ओळखणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

निदानाच्या उंबरठ्यावर मी तरी तज्ज्ञालाच झुकते माप देईन. उपचार सुरू झाल्यावर घरच्या घरी प्रगती तपासायला सेन्सर अधिक उपयोगी ठरावा.