नवा म्हणून बसवलेला माझाच जुना फिल्टर

गाडीत बाहेरची हवा नेमकी कुठून शिरते, हे गाडी घेऊन सहा वर्षे झाली तरी मला नीट ठाऊक नव्हते आणि एका गॅरेजने त्याचाच फायदा घेऊन मला फसवले. तुमच्या गाडीचा ब्लोअर मंदावला असेल किंवा एसीला कुबट वास येत असेल, तर गाडी कुणाच्याही हाती देण्याआधी हा अनुभव कृपया पूर्ण वाचावा.

माझी गाडी रोज झाडाखाली उभी असते. ब्लोअर सुरू केला की टकटक आवाज येऊ लागला, पंखा सर्वांत जास्त वेगावर ठेवला तरी हवा जेमतेम यायची आणि एसी लावल्यावर पहिली काही मिनिटे आंबूस वास पसरायचा. आईला दम्याचा त्रास असल्याने मी फारशी चौकशी न करता गाडी एका गॅरेजमध्ये नेली आणि आईचे कारणही बोलण्याच्या ओघात सांगून टाकले. तिथल्या माणसाने ग्लोव्ह बॉक्सपाशी वाकून थोडी खटपट केली आणि केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा एक काळाकुट्ट फिल्टर माझ्यासमोर धरला. त्याच्या घड्यांमध्ये पानांचा चुरा आणि किड्यांचे पंख अडकलेले होते. "साहेब, ही हवा तुम्ही आईला देताय," असे तो म्हणाला आणि पुढचे सगळे मी मुकाट्याने मान्य केले.

नवा फिल्टर, इव्हॅपोरेटरची, म्हणजे एसीत हवा थंड करणाऱ्या भागाची, फोमने सफाई आणि हवा आत येण्याच्या जागी पाचोळा अडवणारी खास जाळी, अशी तीन कामे ठरली. मला बाहेर बसवण्यात आले. दोन तासांनी मोबाइलवर पांढरा फोम वाहत असल्याचा व्हिडिओ दाखवला गेला. त्यात ना गाडीचा क्रमांक होता ना डॅशबोर्ड, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. टकटक थांबली होती, गाडीत सुगंध दरवळत होता, म्हणून समाधानाने पैसे देऊन मी घरी आलो.

पहिल्याच मोठ्या पावसानंतर चालकाशेजारच्या सीटपुढचे कार्पेट ओलेचिंब झाले. वरची मॅट कोरडी होती, पण कार्पेट दाबले की खालच्या जाड थरातून पाणी बोटांवर यायचे. त्याच गॅरेजमध्ये गेलो, तर हीटरची कॉइल फुटली आहे, संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, असे सांगून पहिल्या बिलाच्या कितीतरी पट रक्कम मागितली. तेव्हा मात्र मला शंका आली, कारण हीटरच्या कॉइलमधून इंजिन थंड ठेवणारे कूलंट फिरते. ते रंगीत आणि किंचित चिकट असते, त्याला गोडसर वास असतो, आणि ते गळत असेल तर बॉनेटखालच्या टाकीतील पातळी उतरायला हवी. माझ्या गाडीतील पाणी स्वच्छ होते आणि टाकीतील पातळी जिथल्या तिथे होती.

एका परिचिताने सुचवलेल्या मेकॅनिकने डॅशबोर्डला हातही न लावता बॉनेट उघडले, वायपर काढले आणि पुढच्या काचेच्या तळाशी असलेले प्लॅस्टिकचे झाकण उचलले. या भागाला काउल म्हणतात. गाडी चालत असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, म्हणून बहुतेक गाड्यांत केबिनची हवा इथूनच आत घेतली जाते. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणीही याच पन्हळीत उतरते आणि कडेच्या छिद्रांतून चाकामागे जमिनीवर पडते. ही छिद्रे तुंबली की पाणी साचते आणि हवेच्या तोंडातून ब्लोअरवर व तिथून पायाशी उतरते. ब्लोअरची मोटर पाण्याने गेली तर तो खर्च आणखी वेगळा.

झाकण निघाले तेव्हा आतील दृश्य मला बघवेना. कुजून काळा झालेला पाचोळा चार बोटे जाडीचा बसला होता. म्हणजे काउल कुणी उघडलीच नव्हती. खास जाळी म्हणून डासांच्या जाळीसारखे बारीक कापड वरच्या फटींतून आत सरकवून सीलंटच्या दोन ठिपक्यांवर चिकटवले होते. त्याचे एक टोक सुटून निचऱ्याच्या छिद्रावर पडले होते आणि उरलेल्या भागावर पानांचा चिखल बसून हवेची वाटच बंद झाली होती. पाचोळा अडवायला पाच-सहा मिलिमीटर छिद्रांची, न गंजणारी धातूची जाळी पुरते. याहून बारीक जाळी लवकर बुजते, आणि कोणतीही जाळी निचऱ्याच्या छिद्रांपासून दूर, घट्ट बसवावी लागते.

खरा धक्का त्यानंतर बसला. ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर बाहेर काढला, तर त्याच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि किलोमीटरचा आकडा होता. अक्षर माझेच होते, मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मी लिहिलेले. माझाच फिल्टर हवेने झटकून परत बसवला होता, आणि तोही उलटा, म्हणजे प्रवाहाचा बाण विरुद्ध दिशेला. त्यामुळे घड्यांत उरलेली धूळ ब्लोअरच्या हवेबरोबर सुटून केबिनमध्ये येत होती, आणि त्या हवेत माझी आई श्वास घेत होती. पैशांपेक्षा याचा राग मला जास्त आहे. मला दाखवलेला काळा फिल्टर दुसऱ्याच गाडीचा असावा, कारण त्याच्या कडेला स्पंजची पट्टी होती आणि माझ्या फिल्टरला तशी पट्टीच नाही. टकटक थांबली ती ब्लोअरच्या पंख्यात अडकलेले पान काढल्यामुळे. बहुधा तेवढे एकच काम खरे झाले होते.

मेकॅनिकने पाचोळा हाताने उचलला आणि बारीक चुरा व्हॅक्यूमने ओढून घेतला. काउलमध्ये हवेचा झोत मारला की कचरा उलट ब्लोअरमध्ये जातो, असे त्याने मला बजावले. फोम मारायचा तर फिल्टर काढून आणि त्या गाडीच्या पद्धतीनुसारच मारावा लागतो. त्यानंतर गाडीखालच्या एसीच्या नळीतून मळकट पाणी गळताना दिसायला हवे. तेही मी या वेळी शेजारी उभा राहून पाहिले.

बिल आणि तारखेसह फिल्टरचा फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. बरीच हुज्जत झाल्यावर फक्त फिल्टरचे पैसे परत मिळाले. फोमच्या सफाईचा पुरावा माझ्याकडे नव्हता. आता गाडी देताना फिल्टरच्या चौकटीवर खूण करतो, जुना फिल्टर परत मागतो आणि काउल उघडताना तिथेच थांबतो. ओले कार्पेट सीट काढून वाळवायला तीन दिवस लागले.

झाकण परत बसवण्याआधी मेकॅनिकने काउलच्या दोन्ही टोकांना एकेक मग पाणी ओतले होते. काही क्षणांतच दोन्ही पुढच्या चाकांमागे धार लागली, तेव्हा कुठे त्याने वायपरचे नट आवळले.