ट्रिप ३५: उजेड तो बघतो, अंतर तुम्ही बघा

पहिल्याच दिवशी हा कॅमेरा बिघडलेला आलाय असं समजून मी परत पाठवायच्या बेतात होते. संध्याकाळची वेळ, घरात बसूनच हातात घेतला, मागचं चाक अंगठ्याने फिरवलं, डोळ्याला लावला, बटण दाबलं तर ते अर्ध्यातच अडलं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये खालून एक लाल पट्टी वर आली, कुणीतरी जीभ काढून दाखवावी तशी. सोडलं, परत दाबलं, परत जीभ. चारपाच वेळा हेच झालं आणि मी मनातल्या मनात विकणाऱ्याचा उद्धार सुरू केला होता. मग वैतागून कॅमेऱ्याचं तोंड दिव्याकडे केलं आणि दाबलं, तर खट्ट. उडालं शटर. म्हणजे बिघडलेलं काहीच नव्हतं, उजेड कमी होता म्हणून तो फोटो काढायला नाही म्हणत होता.

तर हा ऑलिम्पस कंपनीचा फिल्मचा कॅमेरा, ट्रिप ३५. १९६७ ला आला आणि १९८४ पर्यंत बनत होता, म्हणजे सतरा वर्षं जवळजवळ त्याच रूपात. नावातच ट्रिप आहे, सुट्टीला फिरायला जाणाऱ्या माणसाने गळ्यात अडकवावा आणि फोटोग्राफीतलं काही कळत नसताना फोटो काढावेत एवढाच हिशोब. ७० च्या दशकात ब्रिटनमध्ये याच्या जाहिरातीत डेव्हिड बेलीला घेतलं होतं, एवढा नावाजलेला फॅशन फोटोग्राफर आणि जाहिरात कशाची तर ज्यांना अॅपर्चर म्हणजे काय हे माहीत करून घ्यायचं नाहीये त्यांच्या कॅमेऱ्याची, मला हे जाम आवडतं. ४० एमएमची एफ २.८ लेन्स, चार काचांची, आणि बॉडी बहुतेक सगळी धातूची. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. कॉम्पॅक्ट म्हणतात खरं, पण शर्टाच्या खिशात घातलात तर खिसा लोंबेल, जॅकेटचा खिसा किंवा गळ्यात पट्टा हेच बरं.

मी वर्षभर वापरतेय, आठ रोल झालेत. त्यावरून लिहितेय, एकदोन रोलवर मत देण्यात अर्थ नसतो.

याची खरी गंमत लेन्सच्या भोवतीच्या त्या फोडाफोडांच्या कड्यात आहे. लोकांना ते डिझाइन वाटतं, पण त्याच्यामागे सेलेनियमचा सेल आहे. उजेड पडला की तो स्वतःच थोडीशी वीज तयार करतो, त्या विजेवर आतली एक बारीक सुई हलते, आणि तुम्ही बटण दाबता तेव्हा एक पायऱ्यापायऱ्यांची पट्टी त्या सुईला जिथे असेल तिथे पकडते. सुई कुठे सापडली त्यावरून अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडणार, आणि शटर किती वेळ उघडं राहणार ते ठरतं. संपलं. बॅटरीच नाही. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना पाऱ्याची बॅटरी लागायची आणि ती आता बनत नाही, मग लोक जुगाड करत बसतात, इथे ती भानगडच नाही. आणि सुई बटण अर्धं दाबल्यावरच पकडली जाते म्हणून एक्स्पोजर लॉक, म्हणजे उजेडाचं माप धरून ठेवायची सोय, आपोआप मिळतो. समोरच्या माणसाच्या मागून ऊन येत असेल तर कॅमेरा आधी जरा खाली जमिनीकडे करायचा, बटण अर्धं दाबून धरायचं, मग वर घेऊन फोटो काढायचा. हे मला तिसऱ्या रोलनंतर कळलं. तोपर्यंत खिडकीपाशी बसलेली आमची आई प्रत्येक फोटोत काळी सावली होऊन आलीये, आणि ती ते फोटो बघून म्हणाली की एवढे पैसे घालून हेच काढायचं होतं का.

शटरचे स्पीड दोनच. १/४० आणि १/२०० सेकंद. कमी उजेडात १/४०, भरपूर असेल तर १/२००, आणि नेमका कोणता लागला हे तुम्हाला कुठेच दिसत नाही. माझ्या मते याचा सगळ्यात मोठा तोटा हाच, लोक लाल पट्टीवर वैतागतात पण पट्टी निदान सांगते तरी. झाडाच्या सावलीत भाचीचा झोपाळ्यावरचा फोटो काढला, पट्टी आली नाही, मी खूश, आणि रोल धुऊन आल्यावर बघते तर झोपाळ्याच्या दोऱ्या शार्प आणि मधे भाचीच्या जागी एक गुलाबी फराटा. १/४० लागलं होतं. आता सावलीत हलणारं काहीही असेल तर ते टोकाला जाऊन क्षणभर थांबतं तेव्हाच बटण दाबते, झोपाळ्याला तो क्षण असतो, कुत्र्याला नसतो.

पण उजेडाचं एकूण काम तो इतकं नीट करतो की आठ रोलमध्ये त्याने एक्स्पोजर गंडवलेले फोटो मी बोटावर मोजू शकते, बाकीचे गंडले ते माझ्यामुळेच. (रोल ४०० चा घातला आणि लेन्सच्या कड्यावरचं एएसए, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, १०० वरच राहिलं. अख्खा रोल दोन स्टॉप ओव्हर, म्हणजे हवा त्याच्या चौपट उजेड. कलर निगेटिव्ह असल्यामुळे निभावलं, स्लाइड फिल्म असती तर पांढरे चौकोन मिळाले असते.) लेन्सवर झाकण तसंच राहिलं तर बाकीच्या अशा कॅमेऱ्यांत तुम्ही छान व्ह्यूफाइंडरमधून बघत बघत काळे फोटो काढत सुटता, इथे झाकणाने सेलही झाकला जातो, लगेच लाल जीभ. याने माझे किती फोटो वाचवलेत ते मी सांगणार नाही.

आता अंतराचं. इथे मात्र तो हात वर करतो. ऑटोफोकस नाही, अंतर मोजून दाखवणारा रेंजफाइंडर नाही, लेन्सवर चार चित्रं आहेत. एक डोकं, दोन माणसं, तीन माणसं, डोंगर. म्हणजे एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि पार लांब. लेन्सच्या खालच्या बाजूला मीटरमध्ये आकडेही लिहिलेत. व्ह्यूफाइंडरच्या तळाला एक बारीकशी दुसरी खिडकी आहे, डोळा जरा खाली केला की तिच्यातून लेन्सवरचं चित्र दिसतं, कॅमेरा खाली न घेता तपासता येतं. सुरुवातीला मी ही चित्रं शब्दशः घेत होते, म्हणजे फोटोत दोन माणसं आहेत ना, मग दोन माणसांवर. हसू नका. माणसं दोन असोत की दहा, ती किती लांब आहेत एवढंच बघायचंय.

भर उन्हात हे फारसं अंगाशी येत नाही. एफ १६ लागलं असेल (हा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक) आणि तीन मीटरवर ठेवलंत तर साधारण दीड मीटरपासून तीसएक मीटरपर्यंत सगळं चालून जातं, डोळे मिटून काढा. खरी परीक्षा सावलीत आणि घरात, जिथे तो एफ २.८ वर येतो. तेव्हा तीन मीटरवर ठेवल्यावर अडीच-पावणेतीन ते साडेतीन एवढाच पट्टा मिळतो, आणि एक मीटरवर तर सगळं मिळून दहाएक सेंटिमीटर. नाकावर फोकस केला तर कान गेले. म्हणून मी आता पावलं मोजते. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, घरी टेपने मोजलं, दोन पावलं म्हणजे दोन माणसं, चार पावलं म्हणजे तीन माणसं. एक मीटरसाठी एक मोठ्ठं पाऊल टाकते आणि देवाचं नाव घेते. लोकांना वाटतं ही काय कवायत करतेय, पण चौथ्या रोलपासून माझे धूसर फोटो एकदम कमी झाले.

फिल्म कोणती घालायची यावर उगाच वाद घालतात. साधा हिशोब आहे. ४०० चा रोल आणि कडक ऊन म्हणजे कॅमेरा एफ २२ आणि १/२०० वर जाऊन टेकतो, त्याच्या पुढे त्याच्याकडे काही शिल्लकच नाही, आणि एवढ्या बारीक अॅपर्चरला लेन्सची धारही थोडी जाते. शिवाय एएसएचं कडं ४०० च्या पुढे जातच नाही, सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत तर २०० लाच संपतं, त्यामुळे ८०० चा रोल विसरा. बाहेर फिरणार असाल तर २००, घरात किंवा ढगाळ असेल तर ४००. आणि तेच एएसएचं कडं मुद्दाम फिरवूनही काम होतं, ४०० चा रोल असताना २०० वर नेलं की एक स्टॉप जास्त उजेड, आईचा खिडकीतला फोटो शेवटी असाच आला. फक्त नंतर परत ४०० वर आणायचं लक्षात ठेवायला लागतं, आणि मी कोण आहे हे तुम्ही वर वाचलंय.

लाल पट्टीला फसवायचं असेल तर अॅपर्चरचं कडं ए (ऑटो) वरून काढून २.८ वर ठेवा, ते फ्लॅशसाठी दिलेले आकडे आहेत, तिथे शटर १/४० ला पक्कं होतं आणि तो मुकाट्याने फोटो काढतो. रात्री दुकानांच्या दिव्यात वगैरे जमतं. पण परत ए वर आणायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी उन्हात बोंबला.

आमच्या दादाकडे याच कंपनीचा १९८० चा एक्सए२ आहे, सरकणाऱ्या झाकणाचा, खरोखर खिशात मावणारा. त्याचं एक्स्पोजर इलेक्ट्रॉनिक, शटर दोन सेकंदांपासून १/७५० पर्यंत, म्हणजे कागदावर तो कितीतरी पुढे. झाकण बंद केलं की फोकस आपोआप मधल्या अंतरावर येतो, हे तर मला हवंहवंसं वाटतं. पण अंधारात तो फक्त हिरवा दिवा लावतो आणि फोटो घेतो, थांबवत नाही, आणि दादा तो दिवा बघत नाही. त्याच्या रोलमध्ये हललेले फोटो माझ्या तिप्पट. आणि बॅटरी संपली की शटर उडतच नाही, एकदा फिरायला गेलो असताना तो दिवसभर तो कॅमेरा नुसता गळ्यात घालून हिंडला आणि मी माझा त्याला दिला नाही.

जुना घेणार असाल तर काय बघायचं ते सांगते, कारण माझ्या वेळी विकणाऱ्याने 'सगळं चालू' लिहिलं होतं आणि सगळं म्हणजे काय हे विचारायचं मला सुचलं नाही. ए वर ठेवा, लेन्स हाताने झाका, बटण दाबा, लाल पट्टी यायलाच हवी. मग उजेडाकडे करून दाबा, पट्टी न येता शटर उडायला हवं. एवढ्यावर लोक थांबतात, थांबू नका. लेन्समध्ये समोरून बघत, आधी उजेडात आणि मग सावलीत बटण दाबा आणि आतलं भोक लहानमोठं होतंय का ते बघा. जुन्या तेलाने पाती चिकटलेली असतात, मग कॅमेरा वरून ठणठणीत आणि फोटो सगळे पांढरेफटक. मागचं दार उघडून, फटीतून उजेड आत येऊ नये म्हणून लावलेला फोम बघा. माझ्यातला फोम बोट लावल्यावर काळ्या चिकट डांबरासारखा निघाला, दोन दिवस नखातून जात नव्हता, आणि पहिल्या रोलच्या प्रत्येक फोटोवर कडेला केशरी पट्टा. स्पिरिटने पुसून नवीन फोम चिकटवला, तासाभराचं काम, घरी होतं. फिल्टर लावायची हौस असेल तर आटे ४३.५ एमएमचे आहेत, हा विचित्र साइज सहज मिळत नाही, पण लावलात तर सेलही फिल्टरच्या मागेच येतो त्यामुळे एक्स्पोजरची काळजी नाही.

आणि रोल घातल्यावर पुढच्या तीनचार वळणांत डावीकडची रिवाइंडची मूठ फिरतेय का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म पकडलीच गेली नाहीये, काउंटर मात्र इमानदारीत पुढे सरकत राहतो. माझा दुसरा रोल असाच ३६ वर जाऊन कोरा निघाला. त्यात कुणाचं तरी लग्न होतं, जाऊ दे.

मागच्या महिन्यात भाचीला दिला, म्हणलं अख्खा रोल तूच काढ. सात वर्षांची आहे, उजेडाचं काही सांगावं लागलं नाही, लाल जीभ आली की 'मावशी, हा नाही म्हणतोय' म्हणून स्वतःच अंगणात जायची. अंतरासाठी माझीच युक्ती शिकवली, चार पावलं मोज आणि तीन माणसांवर ठेव. तिने प्रत्येक फोटोला मोठ्याने मोजली चार पावलं, स्वतःची. रोल धुऊन आला तर मी सगळीकडे धूसर आणि माझ्या मागची भिंत अशी की वीट न् वीट मोजून घ्या. आता तिला आठ सांगितलीयेत.