पडद्यावर १८, पंपावर साडेपंधरा: छोट्या पेट्रोल गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा हिशेब

सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डावर "ग्राहकाचे समाधान झाले" असं छापून माझ्यापुढे पेन सरकवलं, तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं. समाधान झालेलं नाही. गाडी वाईट नाही हेही आताच सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतील, मग घेतलीस कशाला.

गाडी सगळ्यांना ठाऊक असलेल्या प्रकारातली: १.२ लिटर पेट्रोल, एएमटी (म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडतात), छोटी हॅचबॅक. सीट, डिकी, म्युझिक यावर बोलणारे बरेच आहेत. मी राहतो गोव्यात डिचोलीला, ऑफिस पणजीला. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी घेतली, आता दुसरं फ्री सर्व्हिसिंग उरकलं. माझा विषय एकच, अ‍ॅव्हरेज. त्यातही स्टिअरिंगसमोरच्या पडद्यावर दिसणारं अ‍ॅव्हरेज.

कंपनीचा आकडा लिटरला साडेबावीस किलोमीटरचा. तेवढं मिळेल असं मी कधीच धरलं नव्हतं. ती चाचणी रस्त्यावर होतच नाही. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे जेमतेम वीस मिनिटं पळवतात. वेग ९० च्या वर जात नाही, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास. चढ नाही, खड्डा नाही, पुढ्यात रेंट-अ-कॅब आडवी घालून मोबाइलवर रस्ता शोधणारा पर्यटक नाही. म्हणून मी मनाशी अठरा धरून चाललो होतो, आणि पडदाही इमानेइतबारे अठराच दाखवत होता. कधी १७.९, कधी १८.२. मी खूश.

पण पेट्रोलचा खर्च काही त्या अठराशी जुळेना. मग ग्लव्हबॉक्समध्ये छोटी डायरी ठेवली आणि टाकी ते टाकी हिशेब सुरू केला. पंप एकच, शक्यतो नोझल तेच, पहिल्या कटला थांबायचं. पंपावरचा पोरगा दर वेळी विचारतो, "राउंड फिगर करू?" त्याला दर वेळी नको म्हणायचं, मग तो चमत्कारिक नजरेने बघतो, ते सोसायचं. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. पहिला निकाल १५.६. पुढचा १६ ला जरा कमी. पडद्यावर दोन्ही वेळा अठराच्या आसपास.

एका टाकीवरून काही ठरत नाही, हे मान्य. नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा, अर्ध्या-एक लिटरचा फरक सहज पडतो. पण ती चूक असेल तर कधी माझ्या बाजूने पडेल, कधी पडद्याच्या. इथे डायरीची पानं उलटत गेलो तरी पडदाच दर वेळी सव्वादोन-अडीचने पुढे. याला मी चूक म्हणत नाही, सवय म्हणतो.

तुम्ही म्हणाल, दोन-अडीचचं काय एवढं? हजार किलोमीटरला अठराच्या हिशेबाने साडेपंचावन्न लिटर लागतात, १५.६ च्या हिशेबाने चौसष्ट. साडेआठ लिटरचा फरक, म्हणजे आठशे रुपयांच्या घरात. शिवाय "टाकीत अजून इतके किलोमीटर" हा आकडाही याच हिशेबावर चालतो. रात्री चोर्ल्याच्या घाटात तो ४० दाखवत असेल तर मी त्यातले पाच आधीच वजा करतो.

सुरुवातीला सगळा राग इथेनॉलवर काढला. आपल्याकडे सगळेच काढतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणजे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट समजा. साडेबावीसमधून ते काढले तरी एकवीस उरतात. एकवीसचे साडेपंधरा कोणी केले, ते इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

मग सर्व्हिस सेंटर. अ‍ॅडव्हायझरने ऐकून घेतलं आणि ठरलेलं उत्तर दिलं, "सर, गाडयेक कांयच प्रॉब्लेम ना. तुमी चलयतात तशें अ‍ॅव्हरेज येता." मी हटलो नाही, तेव्हा माइलेज टेस्ट करू म्हणाला. टेक्निशियन आणि मी निघालो. दुपारची वेळ, काचा वर, एसी बंद. गडी मोकळ्या हायवेवर डाव्या कडेने पंचेचाळीस-पन्नासच्या वर जाईना. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असा ठेवलेला की खाली अंडं आहे. मागून कदंबाची बस हॉर्न देऊन पुढे गेली, माझा शर्ट पाठीला चिकटला. परत येऊन त्याने माप लावलं, तेवीसच्या वर भरलं. "बघा सर, गाडी ओके." मी विचारलं, पडदा आणि टाकी यांत फरक का? त्यावर, "मीटर कंपनीतून सेट होऊन येतो, आम्ही हात लावू शकत नाही." आणि पुढ्यात ते समाधानाचं जॉबकार्ड.

चिडून घरी आलो, पण त्या टेस्टने एक गोष्ट डोक्यात घातली. तीच गाडी, तेच इंधन, तेवीस देते. मग माझे सात किलोमीटर जातात कुठे? डायरीत टाकीसोबत रस्ताही लिहायला लागलो, आणि इथे माझं मत बरंच बदललं.

डिचोलीहून पणजीला मी दोन वाटांनी जातो. एक अस्नोडा, म्हापसा, पर्वरी. दुसरी मये, चोडण, मग फेरीने रायबंदर. पहिल्या वाटेवर म्हापशापर्यंत सगळं ठीक, पुढे पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात अडकलो की खेळ संपला. एसी चालू ठेवून उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला पाऊण ते एक लिटर जाळते, आणि तेवढ्या वेळात किलोमीटर भरतात शून्य. खांबांमधल्या रांगेत तात्कालिक अ‍ॅव्हरेजची पट्टी तळाला चिकटलेली असते, पुढचा ट्रक हलला की जरा उचलते, परत तळाला. चोडणच्या वाटेने अंतर कमी, वेग चाळीस-पन्नासचा, आणि फेरीच्या धक्क्यावर इंजिन बंद. त्या वाटेने जास्त गेलो त्या टाकीला साडेसतरा पडले. फेरीचं तिकीट वजा केलं तरी पैसे उरतात, वर खारफुटी बघायला मिळते.

खरी गळती मात्र कुठल्याच हायवेवर नाही, ती गावातल्या गावात आहे. मुलीची ट्यूशन, दूध, पाव, मासळी. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, आणि ते तापायच्या आत आम्ही पोचून गाडी बंद केलेली असते. त्यात आपली हवा. पावसाळ्यात गारवा असला तरी काचेवरचं धुकं घालवायला एसी लावावाच लागतो. चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीच्या) सामानासाठी बाजारात ज्या चकरा झाल्या, त्या टाकीला तेरा. कोणालाही सांगायची लाज वाटावी असा आकडा.

सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी सोय याच कामासाठी दिली आहे म्हणतात. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, आतली हवा गार झालेली हवी, मग ती बंद करणार. आपल्या दमट उन्हात या अटी पुऱ्या होईपर्यंत सिग्नल सुटतो. आणि बंद केलंच तर एसीचा गारवाही जातो. बायकोने ते बटण पहिल्याच आठवड्यात बंद केलं, मी वाद घातला नाही.

आता कौतुक. दिवाळीच्या सुट्टीत कणकवलीला गेलो. पत्रादेवीच्या अलीकडे टाकी फुल्ल केली, कारण आपल्याकडे लिटर शंभरच्या आत आणि सिंधुदुर्गात शंभरच्या वर. बांदा-सावंतवाडीचे लोक उलट दिशेने याच पंपांवर रांग लावून असतात. २०१२ मध्ये मुख्यमंत्री पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि पेट्रोल सुमारे अकरा रुपयांनी उतरलं, ती मजा आता राहिली नाही, तरी एवढा फरक आहे. चौपदरी रस्ता, वेग ऐंशी, चौघं माणसं, एसी सतत चालू. परत येऊन त्याच पंपावर भरलं तर २०.८. दोनदा भागाकार केला. पडदा अर्थात २३ म्हणत होता.

उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी एक: टाकू नका. गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. टायरमधली हवाही स्वतः बघा. सर्व्हिसिंगहून आलेल्या माझ्या गाडीत चाळीस भरली होती, दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. चाळीसने अ‍ॅव्हरेज पाव-अर्धा वाढत असेलही, पण ओल्या रस्त्यावर गाडी उड्या मारत होती. मी ३३ केली.

घेऊ का, असं विचारणाऱ्यांना: रोज मोकळ्या रस्त्याने जात असाल तर बिनधास्त घ्या. गावात फिरवायला आणि पर्वरीतून ये-जा करायला घेणार असाल तर पंधरा धरूनच महिन्याचं गणित मांडा, किलोमीटरला सव्वासहा-साडेसहा रुपये पडतात. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन नेतो त्या रस्त्याने जाऊ नका, एसी लावून आपल्या रोजच्या वाटेने न्या. आणि पडद्यावर येईल त्यातून दोन-अडीच वजा करा.