वाढे फाट्यावर कुणाचं ऐकायचं? गुगल मॅप्स, मॅपल्स, वेझ की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या माणसाला खरा निर्णय वाढे फाट्यावर घ्यावा लागतो. सरळ हायवे धरला तर लिंब खिंड, आनेवाडी टोलनाका, पाचवड, भुईंज, सुरूर आणि मग खंबाटकीचा बोगदा. लोणंदचा रस्ता धरला तर वाठार स्टेशन, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट. हायवेने गेलात तर पाचवडला किंवा सुरूरला आणखी एक संधी मिळते. वाईत शिरायचं, मांढरदेवचा घाट चढायचा आणि भोरमार्गे कापूरहोळला परत हायवेला लागायचं. सुरूर मागे पडलं की मग बोगद्याच्या तोंडाशी रांगेत उभं राहायचं आणि शेंगदाणेवाल्याची वाट बघायची.

म्हणून ट्रॅफिक दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपला माझी कसोटी एकच: पुढचा जाम मला सुरूरच्या आधी कळतो का?

या कसोटीवर गुगल मॅप्स सगळ्यांच्या पुढे आहे, आणि त्याचं कारण हुशारीपेक्षा संख्येत आहे. रस्त्यावरच्या फोनांवरूनच ते गाड्यांचा वेग काढतं. ज्याच्याकडे फोन जास्त, त्याचा अंदाज बरा. पुणे-सातारा हायवेवर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगल मॅप्स आधीपासूनच असतं, त्यामुळे बोगद्याअलीकडे गाड्या थांबल्या की रेघ लाल व्हायला फार वेळ लागत नाही. हा हिशोब किती भाबडा असू शकतो, ते 2020 साली बर्लिनमध्ये दिसलं. सायमन वेकर्ट नावाच्या कलावंताने 99 जुने स्मार्टफोन हातगाडीत भरून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली आणि नकाशावर तो रस्ता तांबडा झाला. त्यावर गुगलचं म्हणणं असं की भारतासह काही देशांत मोटारी आणि मोटरसायकली वेगळ्या ओळखायची सोय केली आहे, हातगाडीचं मात्र अजून जमलेलं नाही. आपल्याकडे हातगाड्या भरपूर, पण त्यांत कणसं असतात, त्यामुळे ती काळजी नको.

गुगलमधली एक सोय फारसं कुणी वापरत नाही. रस्ता शोधल्यावर निघायची वेळ बदलता येते. रविवारी संध्याकाळी सहाला निघालो तर किती, रात्री नऊला निघालो तर किती, हे दुपारी जेवतानाच बघून ठेवता येतं. जुन्या रविवारांच्या गर्दीवरून काढलेला तो अंदाज असतो. सुट्टी संपवून पुण्याला परतणाऱ्यांची लाट कधी येते, हे त्यात बऱ्यापैकी धरलेलं असतं. अचानक आडवा झालेला कंटेनर अर्थातच त्यात नसतो. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला असेल तर रेंज नसताना रस्ता दिसतो, रंग दिसत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

मॅपल्स हे मॅपमायइंडियाचं अ‍ॅप. ही कंपनी 1995 पासून भारताचे नकाशे बनवते आहे. रहदारीचे रंग यातही आहेत, पण मी ते ठेवलंय वेगळ्या कारणासाठी. मोठ्या चौकात किंवा पुलाशी आलं की ते पुढच्या रस्त्याचं चित्र दाखवतं. पुलावर चढायचं की खालच्या सर्व्हिस रोडने जायचं, हे हायवेवर कळीचं असतं. एकदा चुकलं की पुढचा यू-टर्न लांब. गतिरोधक, खड्डे, वेगाचे कॅमेरे यांचीही ते सूचना देतं. रात्री अनोळखी रस्त्याने, समजा लोणंदमार्गे, जायचं असेल तर मी मॅपल्स लावतो. रोजच्याच रस्त्याने जाताना त्याची बडबड बंद करावीशी वाटते.

वेझबद्दल थोडक्यात. इस्रायलमध्ये जन्मलेलं हे अ‍ॅप 2013 मध्ये गुगलनेच विकत घेतलं. त्याचा जीव वापरणाऱ्यांनी टाकलेल्या खबरांत आहे: इथे अपघात, इथे पोलीस, इथे गाडी बंद. माझ्या ओळखीत साताऱ्यात ते वापरणारा एकही माणूस नाही. ज्या गावात खबर देणारेच नाहीत तिथे ते ठेवून उपयोग नाही. शिवाय वेझवरच्या खबरा आता गुगल मॅप्समध्येही येतात.

महामार्ग प्राधिकरणाचं राजमार्गयात्रा अ‍ॅप लोक याच रांगेत बसवतात, पण त्याचं काम वेगळं. टोलनाके, हायवेवरच्या सोयी आणि फोटोसकट तक्रार यासाठी ते ठेवा. गाडी बंद पडली तर 1033 हा नंबर अ‍ॅपशिवायही चालतो.

आता व्हॉट्सअ‍ॅप. रोज अप-डाऊन करणाऱ्यांचे ग्रुप प्रत्येक गावात आहेत. माझ्याही एका ग्रुपवर पहाटेपासून सुरू असतं: ‘बोगद्याकडं काय?’ ‘कंटेनर आडवा झालाय, क्रेन आलीय, अर्धा तास धरा.’ हा ‘अर्धा तास धरा’ कुठलंच अ‍ॅप सांगत नाही. अ‍ॅपला वेग दिसतो, क्रेन दिसत नाही. उलट बाजू अशी की ‘जाम आहे’ म्हणणारा माणूस जाम सुटल्यावर ‘सुटला’ म्हणून कळवत नाही. आणि दिशेचा घोळ तर ठरलेला. साताऱ्याहून जाताना बोगदा लागतो, पुण्याहून येताना घाट चढावा लागतो. ‘खंबाटकीत जाम’ एवढंच कुणी लिहिलं तर आधी विचारा: बोगदा की घाट? शनिवारी सकाळी चढणीला भरलेला ट्रक तापून थांबला म्हणून पुण्याला निघालेल्याने लोणंदचा वळसा घ्यायचं कारण नाही.

हायवे सोडून गावात आलं की सगळ्याच अ‍ॅपांची धार बोथट होते. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर झाल्यापासून खाली भुयारी रस्ता आणि वर चौक. भुयारात जीपीएस मिळत नाही, आणि वरून बघितलं तर दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच जागी. तिथला रंग वरचा की खालचा, हे मी ओळखायचा नाद सोडला. राजवाडा, मोती चौकाकडे तर पायी गेलेलं बरं.

सगळ्यात फसवा रस्ता कासचा. सप्टेंबरातला रविवार होता, पाहुणे घरी, आणि एका अ‍ॅपवर (नाव सांगत नाही) यवतेश्वरच्या पुढे रस्त्याला कुठलाच रंग नव्हता. ‘बघा, मोकळा आहे,’ मीच म्हणालो. पुढे गाडीला गाडी चिकटलेली आणि फोनला रेंज नाही. तेव्हा कळलं की रंग नसणं म्हणजे हिरवा नव्हे. तिथून कुणाच्या फोनवरून माहितीच पोचत नव्हती. मागच्या सीटवरून आत्या शांतपणे म्हणाल्या, ‘फुलं बघायला आलोय की बंपर?’

तर माझं ठरलेलं असं. रोज शिरवळ किंवा पुणे करणाऱ्याने गुगल मॅप्स आणि एक ग्रुप ठेवावा. महिन्यातून एखादी लांबची फेरी करणाऱ्याने जोडीला मॅपल्स घ्यावं. गावातल्या गावात दुचाकी चालवणाऱ्याने फोन खिशातच ठेवावा. गणपती विसर्जनाच्या दिवशी मात्र पेपरात आलेलं ‘वाहतुकीत बदल’ हे चौकोनी निवेदन कापून फ्रिजवर लावावं. पोलिसांनी कुठले रस्ते बंद केलेत, हे नकाशाला बऱ्याचदा मिरवणूक निघाल्यावर कळतं.