नालासोपारा पूर्वेतला वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर): भाड्याने द्यायला विकत घ्यावा का?

राहायला हवा असेल आणि इमारतीला ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, असेल, तर जरूर घ्या. भाड्याच्या उत्पन्नासाठी नको. ओसी नसेल तर कशासाठीच नको, किंमत कितीही उतरली तरी.

इथे भाडं ठरतं ते स्टेशन किती मिनिटांवर आहे आणि पाणी किती वेळ येतं यावर. इमारतीचे कागद भाडेकरू विचारत नाही. विकत घेताना मात्र भाव कागदांवरच ठरतो. म्हणून अनधिकृत इमारतीतली खोली हिशेबात नेहमी सरस दिसते, आणि एजंट तोच हिशेब पुढे करतात.

हिशेबापुरते आकडे धरू. ओसीवाला फ्लॅट 20 लाखांना. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 1,40,000, नोंदणी 20,000, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त 25,000. एकूण 21.85 लाख. भाडं 6,500, वर्षातला एक महिना खोली रिकामी, म्हणजे हाती 71,500. त्यातून मेंटेनन्स 14,400, घरपट्टी 2,500, रंग-डागडुजी 6,000 वजा करा. उरले 48,600, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते. तशीच खोली अनधिकृत इमारतीत, नोंदणी न करता नुसत्या नोटरीच्या करारावर 12 लाखांना घेतली तर तेच 48,600 चार टक्के भरतात. हे वरचे पावणेदोन टक्के म्हणजे इमारत पडण्याच्या जोखमीची किंमत आहे.

आणि ती पडते. नालासोपारा पूर्वेच्याच अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2024-25 मध्ये जमीनदोस्त झाल्या. ती जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली, 17 जण गेले. तीही अनधिकृतच होती.

घरपट्टीची पावती, वीजबिल, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला करारनामा, यातलं काहीही इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नाही. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) नोंदणी क्रमांकावरही थांबू नका: कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून तो मिळवला होता. सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) आणि ओसीवरचा क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकारात अर्ज करा. सातबारा त्याच सर्व्हे नंबरचा काढा, आणि विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का तेही नगररचना विभागातच विचारा. हे होईपर्यंत टोकन देऊ नका. राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज नाकारत असेल, तर कारण विचारून घ्या.

खोली पाण्याच्या वेळेला बघा. पिंप ओळीने मांडलेले दिसले, की टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येणारच. मोरीच्या पलीकडच्या भिंतीला हात लावा. ती ओलसर असेल तर वरच्या मजल्याची गळती आहे, आणि रंगाचा खर्च दरवर्षी ठरलेला.

भाड्याने देणाऱ्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलाच पाहिजे, कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. 6,500 भाडं, 30,000 डिपॉझिट, 11 महिने असतील तर मुद्रांक जेमतेम 200 रुपये आणि नोंदणी 1,000. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं बिनवापर शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावू शकत नाही.

भाडेकरूंसाठी एकच: तीन-चार लाखांच्या हेवी डिपॉझिटवर (दरमहा भाड्याऐवजी एकरकमी मोठी ठेव देऊन) खोली घेताना ओसी तुम्हीही मागा. इमारत पाडली गेली, तर मालकाकडून ते पैसे सुटणं फार अवघड असतं.